मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे ऑनलाइन: चार तारे

शिवाजीनगर कोर्टाबाहेर मी नोटिसा, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मराठीचे जुने कोश फुकट बघायला मिळतात: मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि आपल्या पुण्यात निघालेला दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. माझ्याकडे ती साइट दिवसभर उघडीच असते.

परवा कोथरूडच्या एक काकू आल्या. सोसायटीतली एक बाई "मला नावं ठेवते", तिला नोटीस काढायची. नावं ठेवल्याबद्दल नोटीस काढायची तर निम्म्या पुण्याला काढावी लागेल! खोदून विचारल्यावर कळलं, काकूंनी गणपतीच्या वर्गणीतले पैसे खाल्ले असं त्या बाईनं ग्रुपवर टाकलंय. म्हणजे प्रकरण बदनामीचं. पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेची कलमं ४९९-५०० लिहायचो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. त्यात आरोप तिसऱ्या कुणापर्यंत पोचावा लागतो. जिन्यात गाठून तोंडावर बोलली असती तर हे कलम लागलं नसतं.

असे शब्द तोलायला कोश फार उपयोगी. 'निंदणे' म्हणजे निंदा करणे, आणि शेतातलं तण काढणेही. माझी सासरची माणसं खुरपणीला निंदणीच म्हणतात. पण कुठल्या क्रियापदाला कोणता प्रत्यय, हे कोशातून चटकन हाती लागत नाही. *तिला* नावं ठेवते, *तिची* बदनामी करते, *तिच्यावर* तोंडसुख घेते. चहाडी तर *तिची* आणि वर कुणा*कडे* तरी. नोटिशीत 'काकूंना बदनामी केली' असं गेलं की समोरचा वकील आधी हसतो, मग उत्तर देतो. एक तारा त्यासाठी कापला.

मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी मसुद्याला दाते-कर्वेच बरा. स्पेलिंग जुनं, 'निंदणें' असं शेवटी अनुस्वारासकट. शब्द सापडला नाही तर तो टिंब देऊन बघा.

काकूंच्या नोटिशीत साधं 'बदनामी केली' एवढंच लिहिलं. त्या म्हणाल्या, "अहो, जरा झणझणीत लिहा की!" मी त्यांच्याकडे ग्रुपचे स्क्रीनशॉट मागितले.