घरपट्टीच्या पावतीवरून: आमच्या ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या सेवेचा अभिप्राय

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातले आमचे गाव साधारण अडीच हजार वस्तीचे आहे. बँकेतून निवृत्त होऊन २०२३ च्या दिवाळीत मी पुण्याहून कायमचा येथे राहायला आलो, त्यामुळे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ हे आर्थिक वर्ष म्हणजे गावच्या ग्रामपंचायतीचा बारमाही ग्राहक म्हणून माझे पहिले वर्ष ठरले. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी मिळून मी या वर्षात २,१८५ रुपये भरले. एखाद्या दुकानात एवढ्या पैशांचा माल घेतला असता तर त्याविषयी बरेवाईट लिहिलेच असते, मग ग्रामपंचायतीविषयी का लिहू नये, असा विचार करून हा अभिप्राय लिहीत आहे. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण उद्या सकाळी दूध आणायला याच माणसांसमोरून जायचे आहे.

वर्षाची सुरुवात एका योगायोगाने झाली. १ मे हा ग्रामसभेचा ठरलेला दिवस, आणि २०२४ मध्ये त्याच दिवशी चैत्र वद्य अष्टमी म्हणजे आमच्या भैरवनाथाची यात्रा आली. लोकसभेची आचारसंहिता लागू असल्याने ग्रामसभा होणार नाही, असे कार्यालयाने सांगितले. यात्रा अर्थातच झाली. तिच्यातला छबिना, कुस्त्या आणि तमाशा कोणत्याही गावी असतो तसाच होता. मला खिळवून ठेवले ते तिसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर देवळापुढच्या पारावर झालेल्या हिशेबाने. यात्रा कमिटीच्या खजिनदाराने लांबट लाल वही उघडली आणि प्रत्येक घराची वर्गणी नावानिशी, मंडपापासून पोलिसांच्या चहापर्यंतचा प्रत्येक खर्च आकड्यानिशी मोठ्याने वाचला. मध्येच एक म्हातारी उठून म्हणाली, “माझं दोनशे एक कुठं गेलं रं?” खजिनदाराने वाचन थांबवले, तीन पाने मागे गेला, ती रक्कम तिच्या मुलाच्या नावावर चढल्याचे त्याला सापडले, पेनाने तेथेच दुरुस्ती केली आणि तिचे नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचले. शिल्लक ४,३१० रुपये राहिली, ती पुढच्या वर्षाच्या पानावर ओढली गेली आणि मगच लोक उठले. पुढे वर्षभर ग्रामपंचायतीचा कारभार पाहताना माझ्या हातात माप होते ते या वहीचे.

कार्यालयातील खिडकीची सेवा प्रथम घेऊ, कारण ती माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगली निघाली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ग्रामपंचायतीच्या काही दाखल्यांना मुदत आणि शुल्क ठरवून दिलेले आहे, आणि तो तक्ता आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर वाचता येईल अशा जागी लावलेला आहे. जन्माच्या नोंदीचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला आणि घराच्या नोंदीचा म्हणजे नमुना ८ चा उतारा ही तिन्ही कामे मी वर्षभरात केली. दर दाखल्याला वीस रुपये घेतले गेले, वर एक पैसाही कोणी मागितला नाही, आणि वीज असली तर अर्ध्या तासात कागद हातात पडला. वीज नसली तर मात्र संगणकाकडे बघत बसावे लागते. शासनाने इन्व्हर्टर दिला होता, त्याची बॅटरी उतरून दोन वर्षे झाली, एवढीच माहिती त्याबाबत मिळते.

माझ्या घराच्या नोंदीला अजूनही वडिलांचेच नाव होते, ते बदलून वारसांची नावे लावण्यास मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ गेला. असा अर्ज मासिक सभेपुढे ठेवावा लागतो आणि त्यावर ठराव व्हावा लागतो, हे मान्य; परंतु एकदा सभाच झाली नाही, एकदा विषय पुढे ढकलला गेला आणि एकदा अर्जाची प्रत फाइलमधून गहाळ झाली. पुण्या-मुंबईत राहून गावच्या घराचा उतारा कपाटात जपून ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकी हक्काचा पुरावा नव्हे. गावठाणातील जागेसाठी भूमी अभिलेख विभागाकडून मिळणारी सनद निराळी.

याच खिडकीची खरी कसोटी जुलैमध्ये लागली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिना १,५०० रुपयांच्या त्या योजनेच्या अर्जाला सुरुवातीला १५ जुलैची मुदत होती, आणि पहिल्याच सोमवारी कार्यालयासमोर दीडएकशे बायका आधार कार्ड नि रेशन कार्ड घेऊन उभ्या राहिल्या. मुदत पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ते त्या दिवशी कोणाला ठाऊक होते? ग्रामपंचायतीचे संगणक केंद्र चालवणारा मुलगा आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून आठ दिवस रात्री दहापर्यंत अर्ज भरले, शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, आणि बाहेरगावी केंद्रांवर पैसे उकळले जात असल्याच्या बातम्या येत असताना आमच्याकडे कोणी चहासुद्धा मागितला नाही. त्या दिवसांत बाकीची सगळी कामे ठप्प झाली, माझ्या वारस नोंदीची एक तारीखही त्यातच गेली, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पाण्याच्या बाबतीत अभिप्राय इतका सरळ देता येत नाही. जल जीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावयास हवे. मे महिन्यात आमच्याकडे टँकर होता, पावसाळ्यानंतर विहीर भरली आणि दिवसाआड नळाला पाणी येऊ लागले. पाणी सोडणारा कर्मचारी खांद्यावर लोखंडी चावी टाकून पहाटे पाचला निघतो आणि प्रत्येक आळीचा व्हॉल्व्ह ठरल्या वेळी फिरवतो. पगार दोन-दोन महिने थकूनही त्याने वर्षभरात केवळ दोन खाडे केल्याचे मला माहीत आहे. पावसाळ्यात तो टाकीवर चढून टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर बादलीत कालवतो, वरचे निवळ पाणी टाकीत ओततो, आणि आरोग्यसेवक आला की नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) या तपासणीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून नळी उजेडात धरतात. पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोचल्याचे कळते. ऑगस्टमध्ये आमच्या आळीच्या शेवटच्या नळावर नळी पांढरीच राहिली, तेव्हा त्याने कोणी न सांगता दुसऱ्या दिवशी मात्रा वाढवून परत तपासणी करवली. एवढी जागरूक सेवा मी महापालिकेच्या हद्दीतही अनुभवलेली नाही.

तरीही शेवटच्या घरांना करंगळीएवढ्या धारेने पाणी मिळते, कारण वरच्या आळीत नळाला थेट मोटर जोडून पाणी ओढले जाते. अशा मोटारी जप्त करण्याचा ठराव मासिक सभेत दोन वेळा झाला आहे. जप्ती एकदाही झाली नाही, आणि ठरावाच्या अनुमोदकाच्या अंगणातली मोटर सकाळी सहाला सुरू होते ती रस्त्यावरून ऐकू येते. हिवरे बाजारसारख्या गावात ग्रामसभा दरवर्षी पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते, हे आम्ही भाषणांतून ऐकतो आणि टाळ्याही वाजवतो. पाटोद्यासारखी वेळेवर कर भरणाऱ्याला दळण मोफत देणारी गिरणी आपल्याकडेही असावी, अशी सूचनाही एकदा आली होती. अशा नामांकित गावांशी तुलना करणे आमच्या ग्रामपंचायतीवर अन्याय होईल. अर्ध्या इंची मोटर उचलून आणणे एवढीच माझी अपेक्षा आहे.

सर्वांत निराशाजनक सेवा म्हणजे ग्रामसभा. कायद्याने वर्षाला किमान चार सभा व्हाव्यात, सात दिवस आधी सूचना द्यावी आणि एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावेत. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मुलांना खाऊ वाटला गेला, गर्दी पांगली आणि सभेला मी मोजली ती ४३ माणसे होती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे जाहीर झाले. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे तीच सभा अर्ध्या तासाने त्याच सतरंजीवर पुन्हा सुरू झाली आणि अकरा विषय वीस मिनिटांत मंजूर झाले. हे नियमाला धरून झाले असे म्हणता येईल. मात्र ऑक्टोबरमध्ये मी इतिवृत्ताची वही पाहायला मागितली, तेव्हा त्या सभेच्या हजेरीत ११२ सह्या होत्या, आणि त्यांत त्या दिवशी मुंबईत असलेल्या माझ्या चुलतभावाचीही सही होती. “वही घरोघर फिरवावी लागते, नाहीतर वरून विचारणा होते,” असे उत्तर मला शांतपणे मिळाले. तीस वर्षे बँकेत सह्या पडताळण्यात घालवलेल्या माणसाला हे उत्तर पचणे अवघड आहे.

त्यामानाने ग्रामसभेच्या आदल्या दिवशी अंगणवाडीत होणारी महिला सभा जिवंत असते, असे माझी पत्नी सांगते. आमच्या सरपंच महिला आहेत. वर्षाच्या आरंभी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर यजमान बसत आणि उत्तरेही तेच देत. जुलैतील अर्जांच्या धामधुमीत बाई स्वतः रोज कार्यालयात बसू लागल्या, आणि तेव्हापासून ती शेजारची खुर्ची हळूहळू भिंतीकडे सरकली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने सरपंचांचे मानधन दुप्पट केले, त्याचा यात वाटा असेल असे मला वाटत नाही.

आता गटाराविषयी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेच्याच कामांवर खर्च करावा लागे. आमच्या आळीतील बंदिस्त गटार याच निधीतून झाले. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही मोबाइलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. तेथे काम पूर्ण झाल्याचे दिसले आणि आमच्या दारात मात्र गटार दोन घरे आधीच संपलेले होते. पुढचे पाणी रस्त्यावरून वाहते. कामाच्या जागी अंदाजपत्रकीय रकमेचा फलक नव्हता. विचारणा केली तेव्हा झालेल्या कामाची मापे लिहिलेली मोजमाप पुस्तिका तालुक्याला असल्याचे कळले, आणि गेले पाच महिने ती तालुक्यालाच आहे.

२६ जानेवारीच्या सभेत मी गटाराचा प्रश्न विचारायचे ठरवून गेलो होतो, पण त्याआधीच एक महिला सदस्य उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, यात्रेचा हिशेब जसा पारावर वाचतात तसा ग्रामपंचायतीचाही जमाखर्च वाचून दाखवावा. सभेत क्षणभर कुजबुज झाली. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे परवापरवापर्यंत ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत होतो ते, जरा गोंधळले आणि मग त्यांनी खरोखर वाचायला सुरुवात केली. घरपट्टीची वसुली किती, थकबाकी कोणत्या आळीत किती, दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नातून राखायच्या ५ टक्क्यांतले किती खर्चले, दिव्यांचे बिल किती, असे पंचवीस मिनिटे वाचन चालले. खाऊ केव्हाच वाटून झाला होता, तरी कोणी उठले नाही. थकबाकीच्या आकड्याला मागच्या रांगेतून दोघे जण खाली मान घालून निघून गेले तेवढेच. गटाराची रक्कम वाचली गेली तेव्हा मी लांबी विचारली. ती कागदावर होती त्यापेक्षा जागेवर कमी आहे हे सर्वांसमोर मान्य झाले आणि उरलेले काम करून घेण्याचे इतिवृत्तात लिहिले गेले. ३१ मार्चपर्यंत ते झालेले नाही. पण या वेळी हजेरीच्या वहीवर किती सह्या झाल्या हे सभा संपताच वाचून दाखवले गेले. ६८ सह्या होत्या, आणि माझ्या मोजणीनेही माणसे ६८ च होती.

गुणच द्यायचे तर पाचपैकी खिडकीला चार, पाणी सोडणाऱ्या माणसाला पाच, पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थेला अडीच, आणि ग्रामसभेला ऑगस्टचा एक नि जानेवारीचे तीन असे मी देईन.

ज्यांचे गावी घर आहे आणि मुक्काम शहरात, त्यांच्यासाठी काही व्यवहारातल्या गोष्टी नोंदवून ठेवतो. चालू वर्षाची घरपट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट मिळते, ती मागून घ्यावी लागते. आणि पावती नमुना १० मध्येच घ्यावी, साध्या कागदावरची चिठ्ठी घेऊ नये. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे शेजारच्या गावाचाही कार्यभार असल्याने ते आमच्याकडे सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी असतात, बुधवारी दुपारनंतर बहुधा तालुक्याच्या बैठकीला जातात. सकाळी साडेदहाच्या आत गेल्यास वीज असते.