पॉवर सप्लाय टेस्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

संगणक मधूनच बंद पडू लागला म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी पॉवर सप्लाय (संगणकाला वीज पुरवणारा भाग) तपासणारा हा एलसीडी पडद्याचा टेस्टर घेतला. त्याआधी तपासणीसाठी सप्लायच्या २४ पिनी मुख्य कनेक्टरमधील हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून तो सुरू करीत असे, आणि क्लिप शेजारच्या पिनमध्ये जाईल ही धास्ती दर वेळी असे. ती धास्ती आता संपली आहे.

मात्र या उपकरणाचा एक दोष मला अजूनही अक्षम्य वाटतो. प्रोसेसरसाठीचा आणि ग्राफिक्स कार्डसाठीचा, असे दोन आठ पिनी सॉकेट एकमेकांना खेटून आहेत आणि त्यांवरील अक्षरे भिंग घेतल्याशिवाय वाचता येत नाहीत. या दोन कनेक्टरमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या ओळी उलट असतात. पिनांचे आकार वेगळे असले तरी जोर लावल्यास चुकीचा प्लग आत शिरू शकतो आणि मग थेट शॉर्ट होतो. टेस्टरसोबतच्या कागदावर याविषयी एक शब्द नाही, तसेच प्लग जोडण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी सप्लायचे मागचे बटण बंद करावे, एवढी साधी सूचनाही नाही.

पहिले तीन महिने मी पडद्यावरील आकडे प्रमाण मानले, आणि तिथे माझे चुकले. १२ व्होल्टची लाइन १२.१ दाखवत होती, पीजी (पॉवर गुड, म्हणजे वीज स्थिर झाल्याचा इशारा सप्लायने देण्यास लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंद, म्हणजे १०० ते ५०० या मर्यादेत. तरीही संगणक बंद पडतच होता. सेवा केंद्रानेही तशाच टेस्टरवर तपासून सप्लाय ‘निर्दोष’ म्हणून परत पाठवला. नवा घेण्याचा खर्च टाळावा म्हणून तो स्वतःच उघडण्याचा विचार मनात आला होता. पण आतील मुख्य कपॅसिटरवर विजेची वायर काढल्यानंतरही ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब उरलेला असू शकतो, हे ठाऊक असल्याने मी स्क्रूला हात लावला नाही.

अखेर संगणकावर जड काम चालू ठेवून, मल्टिमीटरची लाल वायर अँपिअरच्या सॉकेटमध्ये नाही याची दोनदा खात्री करून, मोकळ्या मोलेक्स (सप्लायच्या चार पिनी) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरींमध्ये दाब मोजला. तो ११.२ व्होल्टपर्यंत घसरत होता. पाच टक्क्यांच्या मर्यादेनुसार ११.४० च्या खाली जाणे मान्य नाही. टेस्टर सप्लायवर नगण्य भार टाकतो, त्यामुळे ही घसरण त्याला दिसणे शक्यच नव्हते. या मोजमापाचे छायाचित्र पाठविल्यावर, बऱ्याच वादानंतर, सेवा केंद्राने सप्लाय बदलून दिला.

त्यामुळे माझे मत आता असे आहे की मेलेला सप्लाय ओळखण्यासाठी हा टेस्टर उत्तम आहे, आजारी सप्लाय ओळखण्यासाठी नाही. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती मी लाल रंगाची जाड रेघ ओढून घेतली आहे. उत्पादकाने ती कारखान्यातच ओढायला हवी होती.