फोटोत मेसेज लपवायचा: पीएनजी की जेपीईजी?
खानापूरचा मावसभाऊ दोन दिवस झाले हेच विचारालाय. जागेचं बघितलं तर पीएनजीच भारी, प्रत्येक पिक्सेलच्या लाल-हिरव्या-निळ्या आकड्याचा शेवटचा बिट (0 किंवा 1) बदलायचा, 1000 बाय 1000 च्या फोटोत 375 केबीपर्यंत मावतं नि डोळ्याला काय कळत नाही. पण आकडेमोड करून पकडता येतं की, 1999 पासून पद्धत माहितेय. जेपीईजीत मेसेज लपवायची 2001 ची एफ5 नावाची पद्धत, जागा कमी, पण असले फोटो सगळेच पाठवतात म्हणून कुणी वळून बघत नाही. चॅटवर साधा फोटो म्हणून टाकलास तर परत कॉम्प्रेस होऊन दोन्ही गेले, डॉक्युमेंट म्हणून पाठव (राजहंसगडाच्या फोटोतला मेसेज मी असाच घालवला). मोठी फाइल लपवायची तर पीएनजी, गुपचूप दोन ओळी तर एफ5, नि आधी मेसेज एन्क्रिप्ट कर (पासवर्डनं कुलूप घाल) बाबा.