अमृतसर की नांदेड? सुट्टी मोजकी असेल तर

शिखांचं तीर्थक्षेत्र म्हटलं की आपल्याकडे आधी अमृतसरचं नाव निघतं. नांदेड काय, जवळच आहे, कधीही जाऊ, असं म्हणत म्हणत राहून जातं. खरं तर शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एकेक दोन्हीकडे आहे: अमृतसरला अकाल तख्त, नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब. तेव्हा मोठं-छोटं या हिशेबाने निवड करू नका. हाताशी किती रात्री आहेत आणि सोबत कोण आहे, ते बघा. माझं मत विचाराल तर अमृतसरला निदान दोन मुक्काम जमत नसतील, तर आधी नांदेड करा.

कारण अमृतसरला पाहायला इतकं आहे की दर्शनालाच वेळ पुरत नाही. हे शहर चौथे गुरू रामदास यांनी वसवलं. हरिमंदिर साहिबमध्ये, म्हणजे सुवर्णमंदिरात, 1604 साली आदिग्रंथाची (आजच्या गुरू ग्रंथ साहिबच्या मूळ रूपाची) स्थापना झाली, आणि सोन्याचा पत्रा चढला तो पुढे महाराजा रणजितसिंहांच्या काळात. दर्शन आटोपून थोडं चाललं की जालियनवाला बाग. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आणि ती विहीर पाहून कुणी लगेच बोलत नाही. 2021 मध्ये बागेचं नूतनीकरण झालं. डायरचे सैनिक ज्या बोळातून आत शिरले, त्याच्या भिंतींवर आता माणसांची शिल्पं बसवली आहेत. मला काही ती सजावट रुचली नाही. जवळच जुन्या टाऊन हॉलमध्ये फाळणीचं संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं, आणि तासाभरात उरकण्यासारखं नाही.

मग येतो अटारीचा, म्हणजे पाकिस्तानच्या सरहद्दीवर संध्याकाळी ध्वज उतरवण्याच्या सोहळ्याचा प्रश्न. सरहद्द शहरापासून तीसेक किलोमीटरवर, पण जागा मिळवायची तर दुपारीच निघावं लागतं, म्हणजे संध्याकाळ गेलीच. एप्रिल 2025 पासून तो सोहळा आटोपशीर झाला आहे, फाटक उघडत नाही, दोन्हीकडच्या जवानांचं हस्तांदोलनही होत नाही. ‘एका दिवसात दर्शन, बाग आणि बॉर्डर’ अशी सहल कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. एकच संध्याकाळ असेल तर ती हरिमंदिराच्या सरोवराकाठी काढा. रात्री उशिरा गुरू ग्रंथ साहिब पालखीतून अकाल तख्ताकडे नेतात. पालखीला हात लागावा म्हणून माणसं दुतर्फा उभी असतात, आणि दोन पावलांवर वाहणारे हात बदलत जातात. वारी पाहिलेल्या माणसाला ती ओढ सांगावी लागत नाही.

नांदेडला अशी ओढाताण नाही. गुरू गोविंदसिंहांनी 1708 मध्ये इथेच देह ठेवला, आणि यापुढे ग्रंथच गुरू, हेही इथेच ठरलं. हजूर साहिबची सध्याची वास्तू 1832 ते 1837 या काळात रणजितसिंहांनी बांधवून घेतली, तीही निजामाच्या मुलखात. आतल्या अंगीठा साहिबच्या, म्हणजे गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागेच्या, दालनात मोजक्या सेवेकऱ्यांखेरीज कुणी जात नाही. भाविक बाहेरूनच माथा टेकतात. तरी खरी गोष्ट संध्याकाळची. इथे दिव्यांची आरती होते, जी पंजाबातल्या गुरुद्वारांत सहसा दिसत नाही. आरतीनंतर गुरूंची शस्त्रं एकेक करून, नाव सांगून संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, दाखवतात. तलवार उंचावली की मागच्या रांगेतून ‘बोले सो निहाल’चा जयघोष उठतो. दिवाळीच्या सुमारास याच शस्त्रांना गोदावरीच्या पाण्याने स्नान घालतात. नांदेडला ‘छोटं अमृतसर’ म्हणणाऱ्यांनी ही संध्याकाळ पाहिलेली नसते.

बाकी नगीना घाट, माळटेकडी, संगत साहिब, बंदा घाट ही ठिकाणं रिक्षा ठरवून दिवसभरात होतात. त्यातला बंदा घाट चुकवू नका. गोदाकाठी राहणारा माधोदास बैरागी गुरूंना भेटला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात लढायला गेला, त्याची ही जागा.

आई-वडील सोबत असतील तर नांदेड सोपं पडतं. देवगिरी एक्सप्रेसने रात्री मुंबईहून निघालं की सकाळी पोहोचता. अमृतसरला शनिवार-रविवारी हरिमंदिराच्या पुलावर रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं, गुडघ्यांची तक्रार असेल तर पहाटेच जा. हवेच्या बाबतीत दोघांचं जमत नाही: मराठवाड्याचा एप्रिल-मे नकोसा, तर तिकडे डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. खाण्यात मात्र अमृतसरच सरस. कुलचा-छोले आणि वर साय तरंगणारी लस्सी यांना नांदेडच्या बाजारात तोड नाही. लंगर दोन्हीकडे पोटभर. प्रसादाची रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. डोकं झाकायला रुमाल दोन्हीकडे मिळतो, आणि खिशातली तंबाखूची पुडी आत अजिबात चालत नाही.

अमृतसर ठरलंच, तर अर्धा दिवस घुमानसाठी काढा. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे गाव नामदेवांचं. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, आणि 2015 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरलं होतं. आठवडाभर रजा असेल तर निवडीची गरजच नाही: आधी नांदेड करा आणि तिथूनच सचखंड एक्सप्रेसने अमृतसर गाठा. आरक्षण लवकर करा. वाटेतल्या स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना लंगर वाढतात, म्हणून ताट-वाटी आपली सोबत ठेवा.