परदेशी बिऱ्हाडासाठी डंकावरची कांदा-लसूण चटणी: कुटून घ्या, पॅकिंग घरी करा

कोल्हापुरातल्या डंकांचं, म्हणजे मिरची-मसाला उखळात कुटून देणाऱ्या गिरण्यांचं, कांडप आजही पैकीच्या पैकी गुणांचं आहे. पण नोकरीतल्या बदलीमुळे बायकापोरांसह म्युनिकला, आम्स्टरडॅमला, दुबईला किंवा सिंगापूरला निघालेल्या कुटुंबासाठी चटणी करून घ्यायची असेल, तर डंकवाल्याला काही गोष्टी आधी स्पष्ट सांगाव्या लागतात आणि दोन कामं त्याच्याकडे द्यायचीच नाहीत. भाजणी-तळणी एक आणि पॅकिंग दुसरं.

डंकावर सध्या तीन तऱ्हांनी काम होतं. आपण सगळं साहित्य भाजून-तळून न्यायचं आणि किलोमागे मजुरी देऊन कुटून आणायचं, ही जुनी रीत. दुसरी, मिरचीपासून मिठापर्यंत सगळं त्यांच्यावर सोपवून तयार चटणी उचलायची. तिसरी, तीच चटणी व्हॅक्यूम मारून पाकिटांत घ्यायची. कोल्हापुरातल्या घरासाठी दुसरी रीतसुद्धा चालते, कारण इथे चटणी बिघडायला लागली तर आठ दिवसांत कळतं आणि तक्रार करायला डंक जवळ असतो. परदेशात नेलेल्या चटणीचं पाकीट सहा-सात महिन्यांनी उघडलं जातं. म्हणून परदेशासाठी पहिलीच रीत धरावी.

एक किलो मिरचीला घरोघरचं प्रमाण थोडंफार बदलतं, पण पाया असा: अर्धा किलो बेडगी, पाव किलो संकेश्वरी, पाव किलो लवंगी. बरोबर लहान मुलं असतील तर लवंगी पूर्ण काढून बेडगी पाऊण किलो करा. बेडगीचा रंग गडद आणि तिखटपणा कमी, त्यामुळे मुलांच्या ताटातही रस्सा लालच दिसतो आणि पोटाला त्रास होत नाही. कांदा अर्धा किलो, लसूण पाव किलो, आलं शंभर ग्रॅम, कोथिंबिरीची एक जुडी, सुकं खोबरं पाव किलो, तीळ आणि धणे सव्वाशे-सव्वाशे ग्रॅम, जिरं पन्नास, खसखस पन्नास, लवंग, दालचिनी, मिरी, बाद्यान (चक्रीफूल), दगडफूल, तमालपत्र, मेथी, हिंग दहा-दहा ग्रॅमच्या आसपास, आणि खडं मीठ पाव किलो. मिठात हात आखडू नका. चटणी टिकते ती मिठामुळे आणि कोरडेपणामुळे.

खसखशीचं नीट लक्षात घ्या. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या देशांत खसखस न्यायला बंदी आहे. तिथे तिच्याकडे अमली पदार्थाच्या कायद्यातून पाहतात, आणि घरगुती चटणीत घातली होती हे कारण तिथे चालत नाही. या देशांत जाणाऱ्यांनी खसखस पूर्ण वगळून तितकेच तीळ वाढवावेत. चवीत फरक पडतो, पण रश्श्याचा दाटपणा बऱ्यापैकी राहतो. आणि एवढ्यावर भागत नाही. उखळात आधीच्या गिऱ्हाइकाची चटणी कडेला चिकटलेली असते. म्हणून डंकावर सकाळचा पहिला नंबर घ्या, उखळ पुसून घ्यायला लावा आणि पहिल्या फेरीचा पसाभर माल बाजूला काढून तो घरातच वापरा. चांगला डंकवाला हे सांगितल्यावर कुरकुरत नाही, ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे.

खोबऱ्याचा मुद्दा वेगळा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात घेऊ देत नाहीत, कारण त्यातलं तेल पेट घेण्याजोगं मानतात. म्हणून खोबरं चटणीत जिरवून न्यायचा मोह होतो. पण चटणी खवट होते ती आधी खोबऱ्यामुळेच. पाव किलोच्या जागी शंभर ग्रॅम घाला. उरलेलं तिकडे गेल्यावर वाटणात घालता येतं, खोबऱ्याचा कीस तिकडच्या दुकानांतही मिळतो.

आता तळणी. बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. कांदा पातळ उभा चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा आणि मग तेलात तळायचा. थंड झाल्यावर बोटांत धरून मोडला की कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर आत पाणी आहे, परत कढईत टाका. तयार चटणी देणाऱ्या ठिकाणी हाच कांदा घाईत, ओलसर असतानाच तळलेला असतो. त्याचा रंग बाहेरून बरोबर दिसतो आणि दोन महिन्यांनी डब्यात पांढरी बुरशी धरते. मिरचीचे देठ मोडून तिला दोन-तीन उन्हं द्या आणि चमचाभर तेलावर हलकी गरम करा. काळी पडू देऊ नका, नाहीतर रस्सा कडवट होतो. कोथिंबीर धुतल्यावर पूर्ण सुकवूनच घ्या.

डंकाचं खरं मोल कांडपात आहे. लोखंडी उखळात मोटरवर उचलली जाणारी मुसळं मिरची ठेचतात. चक्कीत मिरची घासली जाऊन तापते, वास उडतो आणि रंग मंद होतो. डंकावर आधी मिरची आणि मीठ, मग चाळण, चाळणीवर राहिलेलं पुन्हा उखळात, त्यानंतर खडा मसाला, आणि शेवटी कांदा, खोबरं, आलं, लसूण, कोथिंबीर घालून सगळं एकत्र. ही शेवटची फेरी निदान दोनदा व्हायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत रांग लागली की ती एकदाच उरकली जाते आणि लसणाच्या पाकळ्यांचे तुकडे तसेच राहतात. त्या ओल्या तुकड्यांभोवतीच चटणी सर्वात आधी खराब होते. म्हणून पैसे देण्याआधी दोन मुठी चटणी ताटात पसरून पाहा. पांढरट कण दिसले तर पुन्हा फिरवायला सांगा. दुसरी खूण मुठीची. चटणी मुठीत दाबून सोडली की गोळा क्षणभर धरून मग भुरभुरला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओल आहे.

व्हॅक्यूम पॅकिंगला आम्ही कमी गुण देऊ. कुटून निघालेली चटणी हाताला कोमट लागते. तशीच पिशवीत भरली की आत वाफ धरते. शिवाय चटणीतलं तेल पिशवीच्या तोंडाला लागलं की सील नीट बसत नाही, आणि विमानात तेच तोंड सुटून कपड्यांवर लाल डाग पडतात. त्यामुळे चटणी घरी आणून परातीत पसरावी, वर सुती कापड टाकून रात्रभर निववावी. दुसऱ्या दिवशी पाव-पाव किलोच्या पिशव्या भरा. भरताना पिशवीच्या तोंडात कागदाची नळी धरा, म्हणजे सीलची जागा कोरडी राहते. दोन पिशव्या एकात एक, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि डब्यावर इंग्रजीत आत काय आहे ते लिहिलेली चिठ्ठी. पाव किलोच कशासाठी, तर एक पिशवी वापरात असताना बाकीच्या फ्रीझरमध्ये बंद राहतात.

चौघांच्या घराला पहिल्या वर्षासाठी दोन किलो पुरते. तिकडे सगळं जेवण या चटणीवर चालत नाही, आणि बॅगेत मुलांच्या कपड्यांनाही जागा हवी. मिरचीपूड हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, चटणी चेक-इन सामानातच घाला. युरोपात किंवा ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांनी तिच्याबरोबर तुपाचा डबा ठेवू नये, भारतातून तिथे दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे उतरल्यावर खाद्यपदार्थ आहेत हे आपणहून सांगायचं. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड होतो.

वेळेचं गणित इथेच चुकतं. तिकडच्या शाळा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणून कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्ये निघतात. तेव्हा कोल्हापुरात ऊन कुठलं? बदलीचं पत्र हातात आलं की मिरची-मसाला लक्ष्मीपुरीच्या बाजारातून घेऊन मेच्या मध्यापर्यंत कांडप उरकून घ्यावं. पावसाळ्यात डंक चालू असतात, पण तेव्हा केलेली चटणी परदेशी पाठवू नये.

तिकडच्या स्वयंपाकघरासाठी दोन गोष्टी. भाड्याच्या फ्लॅटमध्ये धुराचे अलार्म असतात. जर्मनीत तर झोपण्याच्या खोल्यांत ते सक्तीचे आहेत. चटणी तापलेल्या तेलात टाकली की ठसका उठतो आणि अलार्म वाजतो. कांदा परतून झाल्यावर भांडं आचेवरून उतरवा, चटणी घाला आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओता, मग परत आचेवर ठेवा. रंग तितकाच येतो. दुसरी, मुलांच्या शाळेतल्या खाऊबद्दल: तीळ आणि शेंगदाणे हे दोन्ही युरोपातल्या ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत आहेत. त्या उखळात शेंगदाण्याची चटणीही कुटतात का, हे डंकावर विचारून घ्या, आणि शाळेत पदार्थ पाठवताना तिळाचं नाव चिठ्ठीवर लिहा.