क्यू-जीआयएसवर गावशिवाराचा आराखडा : एका उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा वापर

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांसाठी मी शाळेचं आवार, गावतलावाचा काठ, ई-क्लासची म्हणजे सरकारी पडीक जमीन अशा जागांचे आराखडे करतो. पाऊस मोजक्या दिवसांत धो-धो येतो, मधेच मोठा खंड पडतो, आणि एप्रिल-मे अंगाची लाही करतात. आराखड्यानं हे सगळं पेलायला हवं. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यापासून नकाशे करायचं क्यू-जीआयएस, जागेवरच्या नोंदींसाठी मोबाइलवर त्याच्याच जोडीचं क्यू-फील्ड आणि सावलीसाठी एक त्रिमिती सॉफ्टवेअर वापरतोय. पहिली दोन्ही मोफत आहेत, मुक्त स्रोत आहेत. आता त्यांच्याशिवाय मी काम हाती घेणार नाही. पण आपल्या सपाट काळ्या रानात ती कशी वापरायची, हे जरा खोलात जाऊन सांगावं लागेल.

बहुतेक जण सुरुवात करतात ती एसआरटीएम या मोफत उंचीनकाशापासून. २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून ११ दिवसांत रडारनं केलेली ही मोजणी. तिची एक चौकट ३० मीटरची, म्हणजे ९ आर जमिनीला एकच उंची. डोंगराळ भागात तेवढ्यावर भागतं. आपल्याकडे अख्ख्या गावठाणात उंचीचा फरक जेमतेम चार-पाच मीटर असतो आणि या नकाशातली चूकही काही मीटरचीच असते. शिवाय जलयुक्त शिवार सुरू झालं २०१४ च्या डिसेंबरात. त्यानंतर खोल केलेले नाले आणि खोदलेली शेततळी या नकाशात असणारच कशी? कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा नकाशा थोडा नवा आहे, पण त्याचीही मूळ मोजणी २०११ ते २०१५ मधली. त्यात झाडांचे शेंडेही उंचीत धरले जातात, त्यामुळे सागाचं दाट रोपवन टेकडीसारखं दिसतं.

एका गावात अशा मोफत नकाशावरून काढलेली प्रवाहरेषा शाळेच्या मागून जात होती. ती पाहून तिथले एक काका म्हणाले, "भाऊ, पाणी तं पांदणीनं येते. मागून कायले जाईन?" वर्षानुवर्षं बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर जाऊन पांदण, म्हणजे शेतांकडे जाणारी वाट, दोन्हीकडच्या शेतांपेक्षा खाली बसलेली असते. पावसाळ्यात तीच नाला होते. चार मीटरची पांदण ३० मीटरच्या चौकटीत दिसणं शक्यच नाही. धुऱ्याचंही, म्हणजे शेताच्या बांधाचंही, तसंच. विदर्भातल्या सपाट शिवारात पाणी कुठं वळणार हे उतारापेक्षा पांदण, धुरा आणि डांबरी रस्त्याखालची मोरी ठरवतात. मला या सगळ्या वापरातून कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

म्हणून आता माझी पद्धत वेगळी आहे. मोफत नकाशा फक्त वरचं पाणलोट क्षेत्र ओळखण्यापुरता. गावात ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून उंचीचे बिंदू स्वतः घ्यायचे. मारुतीच्या देवळाचा ओटा ही ठरलेली खूण, सगळ्या उंच्या तिच्यापासून. बिंदूची जागा क्यू-फील्डमध्ये नोंदवतो, त्याला नेटवर्क लागत नाही. मोबाइलच्या जीपीएसची आडवी जागा मोकळ्या रानात तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर येते, पण त्यावरची उंची मी वापरतच नाही. मग क्यू-जीआयएसमध्ये या बिंदूंवरून उंचीच्या दर २० सेंटिमीटरला एक अशा समतल रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढायच्या आणि पांदण, नाला, मोऱ्या हातानं कोरायच्या. यानंतर जो प्रवाह उमटतो, तो गावातली माणसं बघताक्षणी ओळखतात.

इथं एक सावधगिरी. प्रवाह काढण्याआधी नकाशातल्या खोलगट जागा भरून सपाट करायची पायरी येते, आणि बहुतेक शिकवण्यांमध्ये ती डोळे मिटून करायला सांगतात. आपल्याकडच्या त्या खोलगट जागा म्हणजे गावतलाव, मुरमाची जुनी खदान, गुरांचं डबकं. भरल्या की त्या नकाशातून पुसल्या जातात, आणि आराखड्यात नेमकं तेच हवं असतं.

पाण्याचा हिशेब मला फार उपयोगी पडला. वाहत्या पाण्याचा अंदाज कर्व्ह नंबर पद्धतीनं येतो; जमिनीवरून जितकं जास्त पाणी वाहून जातं तितका नंबर मोठा. समजा नंबर ८० आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस. पाणी वाहू लागण्याआधी जमीन किती अडवते याच्या नेहमीच्या ०.२ गुणकानं सुमारे ५० मिलिमीटर वाहून जातं, म्हणजे १० हेक्टरवरून ५० लाख लिटर. काळ्या जमिनीसाठी, ती आधी भिजलेली असेल तर, भारतात ०.१ धरतात. तो धरला की आकडा ५६ मिलिमीटरच्या आसपास जातो. सांडव्याचं माप ठरवताना हा फरक मोठा आहे. मात्र मेअखेरच्या भेगाळलेल्या रानाला हे गणित लावू नका, पहिला पाऊस भेगाच पितात. आणि मातीचा थर स्वतः भरल्याशिवाय सॉफ्टवेअरला भारी रान आणि बरड (हलकी मुरमाड जमीन) यांतला फरक कळत नाही. साठवणीसाठी ते खालचं भारी रान दाखवतं. तिथं पाणी तुंबेल, जिरणार नाही. जिरवायचं तर वर मुरमाड पट्ट्यात जायला हवं.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटरच्या चौकटीची चित्रं पावसाळ्यात ढगांमुळे जवळपास निकामी, पण एप्रिलमध्ये सोनं. भर उन्हाळ्यात कुठं हिरवं टिकलंय यावरून ओल कळते. फक्त जागेवर जाऊन पाहा, नाल्याकाठची बेशरमची झुडपंही तितकीच हिरवी दिसते.

सावलीच्या सॉफ्टवेअरनं माझे दोन समज बदलले. यवतमाळच्या अक्षांशावर मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावली झाडाच्या बुडाशीच पडते. चार वाजता मात्र तो सुमारे ३७ अंशांवर उतरतो, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, आणि सहा मीटरच्या झाडाची सावली आठ मीटर पूर्वेकडे जाते. म्हणून वर्गखोल्या वाचवायच्या तर झाडं पश्चिमेला हवीत. दक्षिणेची रांग मेमध्ये फारशी कामाची नाही. दुसरं, त्या सॉफ्टवेअरमधली झाडं परदेशी आणि बारमाही भरगच्च. साग मेमध्ये निष्पर्ण उभा असतो. मी कडुनिंब, करंज, चिंच यांची आकारमानं स्वतः भरली. कडुनिंबाची पानगळ उन्हाच्या तोंडावर उरकते आणि कडक ऊन येईतो नवी पालवी सावली धरते. करंजही तसाच. शाळेसाठी मी हेच सुचवतो.

संगणक ८ जीबी रॅमचा असला तरी गावापुरतं काम निभतं, मात्र भारनियमनामुळे दर थोड्या वेळानं फाइल जतन करत राहा. शिकायला सुरुवात करणाऱ्यानं आधी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून आपल्या गावाचे गट उपग्रहचित्रावर बसवून बघावेत. गट क्रमांकासकट छापलेला नकाशा ग्रामसभेत टेबलावर पसरला की लोक स्वतः पेन मागतात. पांदणीची रेघ त्यांच्याच हातून काढून घ्या.