खुडीच्या वाळूत स्वतः गाडी चालवताना: कोल्हापूरकरांसाठी एका सफरीचे परीक्षण

थरच्या वाळवंटात पर्यटकांसाठी ज्या जीप सफरी चालतात, त्यांतील बहुतेकींमध्ये गाडी त्यांचाच चालक हाकतो, प्रवासी मागे दांडीला धरून उभे राहतात आणि पाऊण-एक तासात दोन-चार टेकड्यांवरून आदळत-आपटत सगळे पुन्हा डांबरी रस्त्यावर येतात. मी ज्या सफरीबद्दल लिहीत आहे ती या प्रकारातली नाही. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या खुडी गावातले एक कुटुंब ती चालवते. फोर व्हील ड्राइव्ह गाडी तिथे आपण स्वतः चालवायची असते, त्यांचा वाटाड्या कधी शेजारच्या आसनावर तर कधी पुढच्या गाडीत असतो, आणि दुपारचे व रात्रीचे जेवण त्यांच्याच घरातून येते. पावसाळ्यात गगनबावडा आणि राधानगरीकडच्या लाल चिखलात गाड्या घालणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या मंडळींबरोबर मी या सफरीला गेले होते. माझे मत आधीच सांगून टाकते: जैसलमेरजवळच्या सम या गावातल्या साध्या जीप फेरीपेक्षा ही सफर कितीतरी महाग आहे आणि तरीही ती घ्यावी, कारण गाडी कुठे आणि कशी घालायची याहीपेक्षा ती कुठे घालायची नाही, हे इथला वाटाड्या ठामपणे सांगतो.

सुरुवात होते ती टायरमधली हवा काढण्यापासून. रस्त्यावर बत्तीसच्या आसपास असलेला दाब अठरा पीएसआयपर्यंत खाली आणला जातो. प्रत्येक चाकाशी उकिडवे बसून, व्हॉल्व्हची टोपी खिशात ठेवून, थोडी हवा सोडायची, गेज लावून पाहायचे आणि पुन्हा थोडी सोडायची, हे काम वाटाड्याने आमच्याकडूनच करून घेतले. हवा कमी झालेला टायर जमिनीवर लांबट पसरतो, गाडीचे वजन अधिक जागेवर वाटले जाते आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून तरंगत जाते. मात्र दाब फारच खाली नेला, तर वळणावर टायर रिममधून निखळू शकतो, म्हणून पंधराच्या खाली कोणालाही जाऊ दिले नाही. परतताना डांबरी रस्ता लागण्याआधी कॉम्प्रेसरने पुन्हा हवा भरली गेली आणि ती भरून होईपर्यंत एकही गाडी रस्त्यावर चढू दिली नाही.

चिखलाची सवय असलेल्या चालकाला इथे हातापायांची जुनी वळणे सोडावी लागतात. आपल्याकडे चाक अडकले की जरा जोरात फिरवून टायरच्या नक्षीत बसलेला चिखल उडवून टाकतात आणि खालची घट्ट जमीन शोधतात. वाळूखाली अशी घट्ट जमीन हाताशी नसते, त्यामुळे चाक जागच्या जागी फिरले की ते स्वतःचा खड्डा खणते आणि दोन-तीन सेकंदांत गाडीचे पोट वाळूवर टेकते. आमच्यातले काही जण शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे होते, त्यांना हे सर्वांच्या आधी उमगले. साच्याची वाळू बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीमुळे आणि पाण्यामुळे आकार धरून राहते; इथली वाळू वाऱ्याने चाळून-चाळून गोलसर झालेली, मातीचा अंश नसलेली आणि कोरडी, त्यामुळे तिला धरून ठेवणारे काही नसतेच. याच कारणाने वाटाड्याचा आग्रह पहाटे निघण्याचा असतो. रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळूचा वरचा थर थोडा आवळलेला असतो, तेव्हा ज्या चढावरून गाडी सहज जाते, त्याच चढावर ऊन तापल्यानंतर ती अर्ध्यातच दम टाकते.

टेकडीच्या दोन बाजू ओळखणे, हा या सफरीतला सर्वांत मोलाचा धडा. वारा ज्या बाजूने येतो तो उतार लांब आणि सौम्य असतो, तर पलीकडची बाजू एकदम तुटल्यासारखी असते. कोरडी वाळू साधारण तेहेतीस-चौतीस अंशांपेक्षा अधिक कोनात उभी राहू शकत नाही आणि पलीकडची बाजू जवळजवळ त्याच कोनावर असते, म्हणून तिच्यावर पाय ठेवला तरी वाळू ओघळू लागते. गाडी अशा उतारावर तिरकी घातली तर ती कलंडते, सरळ घातली तर सावकाश घसरत खाली येते. वाटाड्याने प्रत्येक मोठ्या टेकडीआधी गाड्या थांबवल्या, सर्वांना पायी माथ्यापर्यंत नेले आणि पलीकडे काय आहे ते दाखवून मगच चढू दिले. प्रत्येक गाडीला उंच काठीवर लाल झेंडी होती, ती माथ्यापलीकडून येणाऱ्या गाडीला आधी दिसावी म्हणून. उतरताना तो शेजारून शांतपणे एवढेच म्हणे, “ब्रेक मत लगाना, हुकुम.” (‘हुकुम’ हे तिकडचे आदराचे संबोधन.) लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या जोरकस गिअरमध्ये, इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक दाबला की पुढची चाके वाळूत खुपसून मागची बाजू वळू पाहते, हे कारण तो आधीच समजावून सांगत असल्याने ऐनवेळी वाद होत नसे.

आमच्यापैकी एकाची गाडी चढावर माथ्याच्या थोडी अलीकडे थांबली, तेव्हा वाटाड्याचे खरे कसब दिसले. त्याने गाडी वळवू दिली नाही, त्याच खुणांवरून सरळ मागे घ्यायला लावली. पुढच्या प्रयत्नात गाडी रुतल्यावर त्याने दोर काढला नाही, आधी फावडे काढले. चाकांच्या पुढची वाळू उताराने मोकळी केली, छिद्रांच्या पट्ट्या चाकांखाली सारल्या, टायरमधली हवा आणखी जराशी सोडली आणि गाडी कोणाच्याही ओढण्याशिवाय बाहेर आली. वाळूवर दोर ताणून झटका देणे किती धोक्याचे असते, ते नंतर चहाच्या वेळी त्याने सांगितले. तुटलेला हुक माणसाचा जीव घेऊ शकतो.

आता त्याच्या नकारांबद्दल. खुडी आणि सम ही गावे मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात. १९८० मध्ये घोषित झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र ३१६२ चौरस किलोमीटर आहे आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झाले, तो माळढोक आज प्रामुख्याने याच जिल्ह्यात तग धरून आहे. देशात त्याची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते. हा पक्षी घरटे बांधत नाही, गवतातल्या उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. सेवण गवताचा पट्टा दिसला की वाटाड्याने गाडी बाजूने, रुळलेल्या चाकोरीतूनच काढायला लावली; आमच्यातल्या एका उत्साही तरुणाने गवत तर सपाट आहे, मधूनच जाऊ या, असा हट्ट धरला, तेव्हा त्याने किल्ली मागून घेतली आणि पुढचा टप्पा गाडी स्वतः चालवली. त्या तरुणाला राग आला, पण मला या कुटुंबाबद्दल सर्वाधिक आदर वाटला तो त्या क्षणी. पैसे दिलेल्या पाहुण्याला नाही म्हणण्याची तयारी असलेला वाटाड्या पर्यटनाच्या धंद्यात सहसा भेटत नाही. सांडा नावाच्या वाळवंटी सरड्याची बिळे असलेली कडक जमीन आणि खेजडीच्या झाडाभोवतीचा घेर, हेही त्याने असेच टाळायला लावले. खेजडी म्हणजे आपली शमी. दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत जिचे पूजन होते, तीच. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये ही झाडे वाचवताना ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, हे ठाऊक असलेला माणूस तिच्या मुळांवरून गाडी का जाऊ देत नाही, ते समजावून सांगावे लागत नाही.

याच खेजडीच्या शेंगा दुपारच्या पानात होत्या. शेंगा कोवळ्या असताना वाळवून ठेवतात, त्यांना सांगरी म्हणतात, आणि काटेरी झुडपाला येणारी केर नावाची छोटी आंबट-कडवट फळे त्यांच्याबरोबर शिजवतात. केर ताकात भिजवून तिचा कडवटपणा आधी काढला जातो, मग दोन्ही तेलात, सुक्या मिरचीत आणि आमचुरात परततात. पाणी जवळजवळ न वापरल्यामुळे ही भाजी दोन-तीन दिवस टिकते, आणि वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस न पडणाऱ्या मुलखात, जिथे गगनबावड्याच्या एका पावसाळ्यात पडणारे पाणी पिढीभराला पुरावे, तिथे हेच शहाणपणाचे आहे. बरोबर बाजरीचा सोगरा होता. तो आपल्या भाकरीपेक्षा जाड असतो, मातीच्या तव्यावर आणि मग निखाऱ्याशी भाजतात, आणि पानात पडताच अंगठ्याने त्यात खळगे करून तूप ओततात. ते तूप खालपर्यंत झिरपते आणि शेवटचा घास सर्वांत चांगला लागतो. लसणाची चटणी आमच्या खर्ड्याइतकी झोंबणारी नव्हती, पण तिच्यातला काचरी या छोट्या रानकाकडीसारख्या फळाचा आंबटपणा मला घरी करून पाहावासा वाटला.

पेयांमध्ये जिऱ्याची छाछ मुबलक होती आणि पहाटेच्या थंडीत बाजरीच्या पिठाची गरम राब मिळाली. ताकात पीठ आंबवून सावकाश शिजवलेली ती दाटसर, किंचित आंबट राब एक वाटी प्यायल्यावर दोन-तीन तास भूक लागत नाही. उंटिणीच्या दुधाचा चहाही घेतला. हे दूध पातळ असते, त्याला किंचित खारट चव असते आणि त्याचे दही नीट लागत नाही, म्हणून ते ताजेच वापरतात. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या माणसाला त्यात साय आणि गोडवा शोधूनही सापडणार नाही. मला तो चहा एका पेल्यापुरता आवडला.

रात्रीच्या लाल मांसाबद्दल कोल्हापूरकरांना विशेष कुतूहल असणार, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपल्या तांबड्या रश्श्याशी त्याचे नाते रंगापुरतेच आहे. जोधपूरजवळच्या मथानियाची मिरची गडद लाल रंग देते, पण तिखटपणात ती आपल्या मसाल्याच्या मागे राहते. खोबरे नाही, कांदा-लसूण मसाला नाही, भरपूर लसूण, दही आणि तूप आहे, आणि रस्सा ओतून प्यावा असा पातळ नसून भाकरीने पुसून घ्यावा असा आहे. यजमानीणबाईंनी शेवटी निखाऱ्यावर तूप आणि लवंगा टाकून भांड्यावर झाकण घातले आणि तो धूर मांसात मुरेपर्यंत कोणाला झाकण उघडू दिले नाही. हाडाजवळचे मांस बोटाने सुटत होते. शाकाहारी मंडळींसाठी गट्ट्याची, म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या तुकड्यांची, भाजी होती. ती बरी होती, त्याहून अधिक काही नाही. जेवणाआधी मांगणियार या तिथल्या पारंपरिक गायक समाजातल्या एका गायकाने कमायचा वाजवून दोन-तीन रचना ऐकवल्या. आंब्याच्या लाकडात कोरलेल्या आणि बकरीच्या कातड्याने मढवलेल्या त्या गोल पोटाच्या वाद्याचा आवाज खोल आणि घोगरा असतो, ध्वनिक्षेपकाशिवायच तो ऐकावा, आणि या कुटुंबाने तसाच ऐकवला. दुर्दैवाने थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या तंबूनिवासात मोठमोठे स्पीकर लावून नाचगाणे चालले होते आणि रात्री उशिरापर्यंत ते थांबले नाही. तो दोष यांचा नव्हे, पण तिथे रात्र काढणाऱ्याला त्याचा त्रास होतो.

यांचे स्वतःचे दोषही आहेत आणि ते गंभीरपणे घ्यावेत असे मला वाटते. आम्हाला मिळालेल्या गाड्यांपैकी एकीत मागच्या आसनांना पट्टे नव्हते. विचारल्यावर मागे कोणी बसू नये असे सांगून प्रश्न मिटवला गेला, परंतु ही गोष्ट पैसे घेण्याआधी सांगायला हवी होती. गाडीचे नुकसान झाल्यास किती रक्कम कापली जाईल, हे अनामत रक्कम भरताना तोंडी सांगितले, लेखी काही दिले नाही. बंपरला पडलेल्या एका पोच्यावरून त्यामुळे शेवटी बराच वेळ बोलणी झाली. ती सौजन्याने मिटली, तरी लेखी अटी असत्या तर ती झालीच नसती. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी आपली विमा पॉलिसी नीट वाचावी, कारण रस्ता सोडून झालेल्या नुकसानीची भरपाई प्रत्येक पॉलिसीत मिळतेच असे नाही.

पाठीचे किंवा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ही सफर घेऊ नये. लहान मुलांना जेवणासाठी आणि गाण्यासाठी जरूर न्यावे, टेकड्यांवर नेऊ नये. आरक्षण करताना गाडी कोण चालवणार, मागच्या आसनांना पट्टे आहेत का आणि सोबत कॉम्प्रेसर असतो का, एवढे फोनवरच विचारून घ्यावे. उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला तर दुसरीकडे चौकशी करावी. कोल्हापुरातून जाणाऱ्यांना पुण्याहून जोधपूरची रेल्वे सोयीची पडते आणि पुढचा पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता चांगला आहे. ऑक्टोबर अखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस योग्य, त्यातही माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरू महोत्सव भरतो, तेव्हा खोल्यांचे दर वाढतात आणि टेकड्यांवर गाड्यांची गर्दी होते, म्हणून तो आठवडा टाळून त्याच्या आधी किंवा नंतर जावे.